बाळ-बाळंतीण सुखरूप

आपल्या या पत्राच्या शेवटच्या पानावर 'शुभवार्ता' नावाची एक चौकट असते. ती भरण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा, नवापुरा येथून पूर्वी चिठ्ठ्या येत. आता मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडवरून मोबाईलवर निरोप येतात. मजकूर मात्र बदललेला नाही. 'श्री. अमुक यांच्या स्नुषेस कन्यारत्न झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.' या लेखासाठी आम्ही मागील तीन वर्षांचे अंक काढून बसलो. आजोबांचे नाव प्रत्येक वार्तेत आहे. वडिलांचे बहुतेकांत आहे. जिच्या पोटी मूल आले तिचे नाव शोधावे लागते, आणि शोधूनही फारसे सापडत नाही. ती 'स्नुषा' आहे, 'कन्या' आहे, 'सौ.' आहे. मजकूर आम्हीच तपासून छापायला देत होतो. आम्हाला कधी काही खटकले नाही.

गेल्या वर्षी अशाच एका घरचे 'सुखरूप' आम्ही छापले. चार महिन्यांनी त्या घरातून रात्री फोन आला. त्या बाळंतिणीने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. ती वाचली, आज बरी आहे, बाळही बरे आहे. घरच्यांच्या संमतीने एवढेच लिहीत आहोत. गल्ली, आडनाव, माहेर यांतले काही लिहिणार नाही, आणि वाचकांनीही तर्क लढवू नयेत अशी कळकळीची विनंती आहे. त्या रात्री त्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे पहिले वाक्य होते, 'कोणाला कळता कामा नये.' दुसरे होते, 'पोलीस केस होईल का?' सून कशी आहे हा विषय तिसऱ्या वाक्यात आला. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. आपल्यापैकी दहांतल्या नऊ घरांत याच क्रमाने बोलणे झाले असते, आमच्याही.

म्हणून या वेळचा अग्रलेख मतदारयादी किंवा सभागृहाच्या भाड्यावर नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईला उगीच रडू येते, चिडचिड होते, हे घरातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असते. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हे होते आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळते. त्याला आजार म्हणत नाहीत. पण दोन आठवडे उलटूनही मन उदास राहिले, बाळ झोपले असतानाही आईला झोप येईना, अन्नावरची वासना गेली, बाळाला घ्यावेसे वाटेना किंवा उलट क्षणभरही खाली ठेववेना, 'मी वाईट आई आहे, माझ्यावाचून सगळे सुखी होतील' असे विचार येऊ लागले, तर तो आजार होय. डॉक्टर त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. तिसरा प्रकार फार विरळा, हजारात एकदोन बाळंतिणींना होणारा, पण सर्वांत भयंकर. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच बाई भलतेच बोलू लागते, भास होतात, रात्रंदिवस झोपत नाही, बाळाबद्दल विचित्र कल्पना करते. तेथे वाट पाहायची नसते. तेव्हाच्या तेव्हा इस्पितळ गाठायचे असते, आणि तोवर आई व बाळ दोघांनाही एकटे सोडायचे नसते.

हे सारे 'अमेरिकेतले फॅड' आहे असे एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला ऐकवले. त्यांच्यासाठी आकडे. आमचा जन्म आकड्यांतच गेला, तेव्हा ते सावधपणे देतो. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा इस्पितळात येणाऱ्या २७० गरोदर बायकांची नोंद घेऊन त्यांचा पुढे मागोवा घेतला. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासले तेव्हा त्यांतल्या २३ टक्के बायका नैराश्यात होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही तशाच होत्या. त्याच वर्षी तमिळनाडूत वेल्लोरजवळच्या खेड्यांतला अभ्यास आला. तेथे कारणे शोधली तेव्हा काय निघाले? गरिबी, सासूशी किंवा आईवडिलांशी बेबनाव, हाताखाली मदतीला माणूस नसणे, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे. गोव्यातही पैशाची ओढ, नवऱ्याशी न पटणे आणि मूल मुलगा की मुलगी हा हिशोब, हीच कारणे पुढे आली होती. २०१७ साली देशभरच्या ३८ अभ्यासांची बेरीज जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापली गेली. वीस हजारांवर माता. प्रमाण २२ टक्के. म्हणजे पाचांत एक. आता 'शुभवार्ता' चौकटीकडे पाहा. एका अंकात पाच वार्ता असतील तर त्या सरासरीने एका घरी आपण खोटे छापत आलो.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटणारी आपली मंडळी. सयाजीराव महाराजांच्या राज्यातले म्हणून आपण छाती फुगवतो. महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला आणि १९०६ पासून सबंध राज्यात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. महाराणी चिमणाबाईसाहेबांनी १९११ साली भारतातील स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, आणि १९२७ साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. त्यांचे फोटो आपल्या कार्यालयात भिंतीवर आहेत. फोटोखाली बसून बर्फीचे पुडे बांधतो, एवढाच फरक.

पण आपल्या जुन्या रीतीत सगळेच टाकाऊ होते असे आम्ही म्हणणार नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जायची. डोहाळजेवणात तिच्या आवडीचे विचारून करायचे. बाळंतपणानंतर सव्वा महिना तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, पाण्यात हात घालायचा नाही. तेल लावणारी बाई रोज यायची. शेक, धुरी, ओवा, बाळंतशेपा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. त्या खोलीत अंधार फार असे आणि वारा कमी, हे खरे. डॉक्टरांनी ते बदलायला लावले हे चांगलेच झाले. पण ती तेलवाली अर्धा-पाऊण तास बाईच्या अंगावर हात फिरवत गप्पा मारायची, आणि घरातल्या कोणाला न सांगितलेले तिला सांगितले जायचे. पाचवी-सहावीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणून त्या रात्री बायका बाळंतिणीच्या उशाशी जागत बसत. सटवाईवर आमचा विश्वास नाही. पण आई जेव्हा सर्वांत हळवी होते नेमक्या त्याच रात्री तिला एकटे न ठेवण्याची ही युक्ती ज्या कोणी बसवली, तिने बाळंतिणी पाहिल्या होत्या खास.

त्याच वाड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या आजोबांच्या वाड्यात एक चुलत आत्या होत्या. तिसऱ्या बाळंतपणानंतर त्या 'फिरल्या', असे घरात म्हणत. बाहेरची बाधा म्हणून अंगारे झाले, कोठल्या कोठल्या ठिकाणी नेऊन आणले. मग माडीवरची खोली त्यांना दिली. आम्ही लहान असताना त्या गजांतून खाली पाहत आणि आम्हा पोरांना त्यांची भीती वाटे. त्यांची तिन्ही मुले काकूंनी वाढवली. त्या वाड्यात तेव्हा पंधरा-सोळा माणसे राहत होती. डिंक, अळीव, तेलवाली, सारे होते. वाडा भरलेला असणे आणि बाईला कोणी विचारणारे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'आमच्या वेळी असले काही नव्हते' असे जेव्हा आपल्या आजी म्हणतात तेव्हा आम्हाला ती माडी आठवते.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्यातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या आणि १८८६ साली अमेरिकेतून पदवी घेतली, हे आपण शाळेत वाचतो. रखमाबाईंनी पुढे आपल्याच गुजरातेत, सुरतेला आणि राजकोटला, बायकांच्या दवाखान्यांत हयात काढली. त्या काळी बाळंतीण जगते की मरते हाच प्रश्न होता. आज तो बराच सुटला. २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू गुजरातेत ५७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. देशाचा आकडा ९७. यासाठी सरकारी यंत्रणेला श्रेय दिलेच पाहिजे. पण ही मोजदाद ४२ दिवसांवर थांबते. आमच्या परिचयातल्या त्या घरी घटना घडली ती चौथ्या महिन्यात. ब्रिटनमध्ये सहा आठवड्यांनंतर वर्षाअखेरपर्यंत मातांचे मृत्यू कशाने होतात हे बारकाईने तपासतात. तेथे आत्महत्या हे अग्रभागी असलेले कारण ठरले आहे. मोजले म्हणून कळले.

आता आजची घरे पाहू. वाडे पाडून तेथे दुकाने नि फ्लॅट झाले. मुलगा हिंजवडीला, मुलगी न्यू जर्सीला, आणि दांडिया बाजारात दोन म्हातारी माणसे, ही आपल्या समाजाची आजची जनगणना. लेकीचे बाळंतपण करायला आई सहा महिन्यांच्या व्हिसावर जाते. बॅगेत सुंठ, डिंक, बाळंतशेपा. विमानतळावर कोणी हटकले तर काय सांगायचे याची तालीम आमच्या शेजारच्या मावशींनी आमच्याकडून करून घेतली होती. त्या गेल्या तेव्हा बर्फ पडत होते. लेक तीन महिन्यांत कामावर, जावई दिवसभर बैठकीत, आणि मावशी गाडी चालवता येत नसल्याने घरात कोंडलेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, 'बाळंतपण तिचं होतं, पण रडायला दोघी बसायचो.' सहा महिने संपले की आई परत आणि सासूबाई तिकडे, पाळीपाळीने. दोघींचा व्हिसा संपला की त्या मुलीजवळ कोण?

येथे बडोद्यातही तऱ्हा निराळी नाही. आपल्या पुष्कळ घरांत आता गुजराती सुना आहेत आणि आपल्या मुली गुजराती घरांत. तिची आई काटलुं पाठवते, हिची सासू अळिवाची खीर करते, आणि कोणते खायचे यावरून दोन विहिणींत अबोला. हे विनोदाने लिहिले, पण त्या सुनेला दोन्ही वाट्या संपवाव्या लागतात, आणि बाळाचे वजन वाढले नाही तर दूध 'कमी पडते' म्हणून दोन्हीकडचे बोल तिलाच.

आणि आम्ही पुरुष? येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक सहकारी बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्या. रोखपालाच्या खिडकीत बसत. पहिल्याच महिन्यात त्यांची रोकड दोनदा कमी भरली, एकदा पाचशे, एकदा दोन हजार. बँकेत रोकड कमी भरली की खिशातून भरावी लागते. त्यांनी निमूट भरली. तिसऱ्या वेळी साहेबांनी आम्हाला विचारले, आणि आम्ही, जे वीस वर्षे त्याच काउंटरवर बसलो होतो, म्हणालो, 'त्यांचे कामात लक्ष नाही.' त्यांना खिडकीवरून काढून कोपऱ्यातल्या टेबलावर बसवले. त्यांनी राजीनामा दिला तेव्हा आम्हीच निरोपाचे भाषण केले. नंतर त्यांच्या यजमानांकडून कळले की त्या सहा महिने दिवसाला दोन तासांपलीकडे झोपल्या नव्हत्या, रात्री उठून बाळ श्वास घेते की नाही हे पाहत बसत. नोटा मोजताना आकडा विसरत. आम्ही तीन वेळा फरक मोजला. एकदाही विचारले नाही की बाई, झोपता का?

झोप मोडणे एवढेच कारण नसते, हे खरे. कित्येकदा थायरॉइड बिघडलेले असते, अंगात रक्त कमी असते. साध्या रक्ततपासणीने कळते. नैराश्यच असेल तर समुपदेशनाने पुष्कळ जणी बऱ्या होतात. औषध लागले तरी अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधे आहेत; ती डॉक्टरांनीच ठरवायची, आणि मनाने बंद करायची नाहीत. 'मेंदूची गोळी घेतली की दूध तोडावे लागते' हा समज घेऊन बसलेल्या घरांनी एकदा डॉक्टरांना विचारावे. आजार ओळखण्यासाठी दहा प्रश्नांचा एक तक्ता १९८७ सालापासून जगभर वापरतात. एडिंबरा शहरात तो तयार झाला म्हणून त्याच नावाने ओळखतात. आपल्याकडच्या भाषांतही तो आलेला आहे. भरायला पाच मिनिटे लागतात. आमच्या बँकेत खाते उघडायला याहून जास्त प्रश्न विचारतात.

कोठे जायचे? सर सयाजीराव इस्पितळात, म्हणजे आपल्या एसएसजीत, मानसोपचार विभाग आहे आणि प्रसूतीचाही. करेलीबागेत मानसिक आरोग्याचे सरकारी इस्पितळ आहे. करेलीबागेचे नाव काढले की आपण आवाज खाली आणतो, हीच अडचण आहे; दाराशी कोणी ओळखीचे दिसेल या भीतीने लोक आजार वाढवतात. ज्यांना दारापर्यंत जाणे जड वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, आणि मराठीत व गुजरातीत बोलता येते. घरात मारझोड किंवा छळ असेल तर गुजरातेत १८१ अभयम आहे. हे दोन आकडे कापून पाळण्याजवळ लावले तरी या अंकाचे पैसे वसूल झाले असे समजू.

त्या घरी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही द्यायला हवे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे त्याने गृहीत धरले, आणि तिच्यावर खटला न भरता तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरवली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत तर जुने ३०९ कलम त्या रूपात राहिलेलेच नाही. तेव्हा पोलिसांच्या धास्तीने इस्पितळ टाळू नका. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे जी फार थोड्यांना माहीत असते. आईला मानसोपचारासाठी दाखल केले तर तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून तोडायचे नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई व बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र कक्ष आहे. आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण दिले पाहिजे हेही या कायद्यातच आहे. आपली पॉलिसी काढून वाचा. आम्ही आमची वाचली तेव्हा चष्मा दोनदा पुसावा लागला.

आता राजकारण, कारण हे पत्र त्यासाठीच निघते. २०२१ च्या महापालिका निवडणुकीत बडोद्याच्या १९ प्रभागांतून ७६ नगरसेवक निवडून आले, त्यांत निम्म्या जागा स्त्रियांच्या. मराठी मतांसाठी प्रत्येक पक्षाचे लोक गणपतीत आपल्या मांडवात येतात, आरतीचे ताट धरतात, शिवजयंतीला फेटा बांधतात. आपण त्यांच्याकडे काय मागतो? चौकाला नाव, पुतळ्याला जागा, सभागृहाला पत्रे. या वेळी दुसरे मागू या.

बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस असते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात असो वा खासगी दवाखान्यात, आई बाळ घेऊन येतेच. नेमक्या आजाराच्या काळात ती स्वतःहून तीनदा दारात येते, आणि आपण बाळाचे वजन करून, टोचून, तिला परत पाठवतो. त्या तीन फेऱ्यांत दहा प्रश्नांचा तक्ता आईला विचारला जावा आणि उत्तर ममता कार्डावर लिहिले जावे, ही मागणी. खर्च कागदाचा. केरळात सरकारी आरोग्यसेविकांना बाळंतिणीच्या मनाची चौकशी करायला शिकवण्याचा कार्यक्रम झाला आहे, तेव्हा हे स्वप्नरंजन नव्हे. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि पुढे देशाने उचलली. मराठी माणसाची याहून मोठी देणगी आम्हाला चटकन सुचत नाही. पण आपल्या मध्यमवर्गीय घरांतल्या सुना खासगी नर्सिंग होममध्ये बाळंत होतात. त्यांच्या दारी आशाताई बहुधा येतच नाहीत. सरकारी यंत्रणा गरिबांसाठी, आणि आपल्यासाठी नातेवाईक, असा समज होता. नातेवाईक न्यू जर्सीला आहेत.

दुसरी मागणी पाळणाघराची. २०१७ साली पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या लेकीसुना नोकरीला आहेत त्यांनी ती सोय प्रत्यक्षात आहे का, हे आम्हाला कळवावे. कारखान्याचे नाव न छापता आम्ही यादी करून आमदारांपुढे ठेवू. रजा संपून कामावर परतण्याचा महिना हा पहिल्या महिन्याइतकाच कठीण असतो, हे आम्ही काउंटरवरून पाहिले आहे; पाहिले, आणि कळले नाही.

उरलेले काम कोणत्याही पक्षाचे नाही, आपले आहे. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी याच बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली. सहकाराचा कायदा देशात यायच्या कितीतरी आधी. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा आपण आपल्याला उपयोगी पडू, एवढा साधा विचार होता, आणि 'अन्योन्य' हे नावच तो सांगत होते. बँकेत नोकरी करणाऱ्या आम्हाला त्या नावाचे फार अप्रूप आहे. पैशाच्या बाबतीत जे तेव्हा सुचले ते बाळंतिणीच्या बाबतीत आज सुचायला हरकत नाही.

गोव्यात तसे करून पाहिलेले आहे. तेथे वस्तीतल्याच बायकांना थोडे प्रशिक्षण देऊन गरोदर आणि बाळंत मातांकडे पाठवले. त्यांना 'सखी' म्हणत. गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत सहा ते चौदा भेटी. २८० मातांवर झालेल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली आले; फायदा फार प्रचंड नव्हता, पण होता, आणि खर्चाच्या मानाने चांगला होता. त्याची मूळ कल्पना सीमेपलीकडे रावळपिंडीजवळच्या खेड्यांतून आली, जेथे आरोग्यसेविकांकरवी हे केले आणि २००८ साली जगाला सांगितले. तेथे नैराश्य असलेल्या मातांतल्या ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यातले प्रमाण सहा महिन्यांनी २३ टक्क्यांवर आले. ज्यांना फक्त साध्या भेटी मिळाल्या त्यांच्यात ते ५३ टक्के राहिले. चांगली गोष्ट कोठूनही घ्यावी.

आम्ही हिशोब मांडून पाहिला. आपल्या सभासद घरांत वर्षाला तीस बाळंतपणे होतात असे धरू. प्रत्येकीकडे सहा भेटी, एकशे ऐंशी. भगिनी शाखेतल्या पंधरा जणी तयार झाल्या तर एकीच्या वाट्याला वर्षात बारा भेटी, म्हणजे महिन्याला एक. हळदीकुंकवाला आपण याहून जास्त घरे फिरतो. प्रशिक्षणासाठी आपल्यातल्याच एक निवृत्त परिचारिका आणि एक मानसोपचारतज्ज्ञ वेळ द्यायला तयार आहेत. अट एकच आहे. जे ऐकले ते त्या घराच्या उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही. येथे आम्हाला धाकधूक आहे, कारण आपल्या गल्ल्या जशा मायाळू तशाच कानाने तीक्ष्ण. भगिनी शाखेच्या बैठकीत एका तरुण आईने उभे राहून विचारले, 'माझ्या सासूबाईंच्या भिशीतल्या काकू माझ्याकडे सखी म्हणून आल्या तर मी काय सांगणार, डोंबल?' सगळे हसले, पण प्रश्न चोख आहे. म्हणून एका गल्लीतली सखी त्याच गल्लीत जाणार नाही, आणि बाळंतिणीला सखी बदलून मागता येईल, कारण न सांगता.

नवऱ्यांसाठीही एक बैठक ठेवली आहे. विषय दोनच: रात्रीचे एक दूध किंवा एक दुपटे बदलणे आपण घ्यायचे, म्हणजे तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल, आणि 'तुला काय कमी आहे' हे वाक्य वर्षभर तोंडातून काढायचे नाही. आमची मुले मोठी झाली, तेव्हा आम्हाला हा उपदेश करायचा अधिकार फार नाही. आमच्या वेळी मार्चअखेर होती असे कारण आम्ही घरी सांगत आलो. दोन्ही बाळंतपणांना मार्चअखेर कशी काय आली, असे आमच्या सौ. परवा विचारत होत्या.

पुढील अंकापासून 'शुभवार्ता' चौकटीचा मजकूर बदलत आहोत. आईचे नाव आधी येईल, मग वडिलांचे, मग आजी-आजोबांचे. नाव पाठवले नाही तर वार्ता छापली जाणार नाही. 'बाळ-बाळंतीण सुखरूप' हे शब्द मसुद्यातून काढले आहेत. वार्ता छापल्यावर सहा आठवड्यांनी आणि पुन्हा चौथ्या महिन्यात कार्यालयातून फोन येईल, तो बाळंतिणीलाच द्यावा.

सखी-प्रशिक्षणाची पहिली बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी पाच वाजता आपल्या कार्यालयात आहे. नवऱ्यांची बैठक त्याच दिवशी साडेसहाला. लहान मुले बरोबर आणली तरी चालतील. माळ्यावरचा जुना शिसवी पाळणा उतरवून, दोऱ्या बदलून ठेवला आहे.